मोठा टीव्ही घेताना: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

दुकानात भिंतीवर ओळीने लावलेले टीव्ही बघितले की सगळेच चांगले वाटतात. तेच फुलांचे आणि समुद्राचे व्हिडिओ, तेच झगझगीत रंग, आणि प्रत्येकाखाली सवलतीचा आकडा. तिथे उभं राहून निवड करायला गेलं तर सेल्समन जे पुढे करेल तेच घरी येतं. म्हणून माझं सांगणं असं की दुकानात जायच्या आधी घरातल्या चार गोष्टींचा हिशोब करावा: खोली, भिंत, वीज, आणि बिघाड झाला तर आपल्या पत्त्यावर कोण येणार. हे ठरलं की पन्नास मॉडेलांतली तीन-चारच उरतात आणि मग चित्राच्या दर्जावर भांडायला मजा येते.

खोली आणि भिंत

पडद्याचा आकार खिशावर नंतर, बसण्याच्या अंतरावर आधी ठरवा. टीव्ही लावायच्या भिंतीपासून तुमच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर टेपने मोजा. सिनेमासाठी पडद्याने नजरेचा साधारण ३० ते ४० अंशांचा भाग व्यापावा असं मानतात. त्याचं सोपं गणित म्हणजे पडद्याच्या कर्णाच्या १.२ पट ते १.६ पट अंतर. ५५ इंचीसाठी ते साडेपाच ते सव्वासात फूट होतं, ६५ इंचीसाठी साडेसहा ते पावणेनऊ, आणि ७५ इंचीसाठी साडेसात ते दहा फूट. गेम खेळणारा जवळच्या आकड्याकडे सरकतो, बातम्या आणि मालिका बघणारं घर लांबच्या आकड्याकडे.

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतली जुनी घरं रुंदीला कमी आणि लांबीला जास्त असतात. सोप्यात आडव्या भिंतीला टीव्ही लावला तर समोर जेमतेम सात फूट मिळतात. तिथे ५५ इंची पुरेसा, ६५ इंची शौकिनाचा. तोच टीव्ही लांबीच्या टोकाला लावता आला तर अंतर बारा फुटांवर जातं आणि ६५ इंचीसुद्धा लहान वाटायला लागतो. टिळकवाडी किंवा अनगोळच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकवला की नऊ-दहा फूट मिळतात, तिथे ६५ किंवा ७५ डोळे झाकून घ्यावा. बाजारातून कागदाची मोठी शीट आणा, ६५ इंचीच्या मापाने, म्हणजे १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ सेंटिमीटर उंच कापा, भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. घरातल्या सगळ्यांचं मत आपोआप पुढे येतं.

उंचीकडे फारसं कुणी बघत नाही. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत हवा. सोफ्यावर बसलं तर डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात, सतरंजीवर बसून बघणाऱ्या घरात अडीच फुटांवर. आपल्याकडे मात्र टीव्ही दाराच्या चौकटीच्या वर टांगायची पद्धत पडली आहे. दोन तासांचा सिनेमा मान वर करून बघितला की रात्री मान धरते. शिवाय बहुतेक एलईडी पॅनेल खालून बघितलं की फिकट दिसतं, म्हणजे दुप्पट नुकसान. ज्यांच्याकडे जुनं लाकडी शोकेस आहे त्यांनी टीव्ही जायच्या खणाचं माप घ्यावं; हे खण बहुतेक ३२ किंवा ४३ इंचीसाठी केलेले असतात आणि पाठीमागे हवा खेळायला जागा नसते.

भिंत कशाची आहे हे तर बघाच. खानापूर, नंदगड, जांबोटी भागात जांभ्या चिऱ्याच्या भिंती आहेत, खेड्यांतून अजून मातीच्या आणि कच्च्या विटांच्याही आहेत. चिरा भुसभुशीत असतो. स्क्रूसाठी ठोकलेला प्लास्टिकचा साधा रावळ प्लग त्यात फिरत राहतो आणि वर्षभराने ब्रॅकेट ढिलं होतं. ६५ इंचीचा सेट वीस-पंचवीस किलोचा असतो. अशा भिंतीला आधी जाड प्लायवूडची फळी सात-आठ ठिकाणी लांब अँकरने बसवून त्यावर ब्रॅकेट घ्यावं, किंवा सरळ टेबलावर पायांवर ठेवावा. पायांवर ठेवायचा असेल तर पायांमधलं अंतरही विचारा. काही सेटचे पाय दोन टोकांना असतात आणि चार फुटांच्या टेबलावर मावत नाहीत.

आणि जिना. ६५ इंचीचा खोका साधारण सव्वापाच फूट लांब असतो आणि तो उभाच न्यावा लागतो. आडवा धरला तर काचेला तडा जाण्याची भीती. माळ्यावर जाणारा अरुंद, वळणाचा लाकडी जिना असेल तर डिलिव्हरीच्या माणसांना आधी बोलावून दाखवा.

प्रकाशाचं एक खास आपल्याकडचं. कौलारू घरात उजेडासाठी एक-दोन काचेची कौलं बसवलेली असतात. दुपारी त्यातून येणारा झोत नेमका पडद्यावर पडला तर काळ्या प्रसंगात तुम्हाला स्वतःचं घर दिसेल. दुपारी बारा ते तीन या वेळात त्या भिंतीवर ऊन कुठे सरकतं ते एकदा बघून ठेवा. पुढची निवड यावर ठरते.

पॅनेल: पैसे इथेच घालायचे

सिनेमाचा जीव काळ्या रंगात आहे. रात्रीचा प्रसंग, घाटातला अंधार, दिव्याच्या उजेडातला चेहरा, या सगळ्यात काळा हा काळाच दिसला पाहिजे. पडद्यावरचा सर्वांत उजळ भाग सर्वांत काळ्या भागाच्या किती पट उजळ, याला कॉन्ट्रास्ट म्हणतात आणि तो पॅनेलच्या जातीवर ठरतो.

एलईडी म्हणून विकले जाणारे सगळे टीव्ही खरं तर एलसीडी असतात, मागे एलईडीचा उजेड असतो. त्यात दोन जाती: आयपीएस आणि व्हीए. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १००० ला १, व्हीएचा ३००० ते ६००० ला १. अंधाऱ्या खोलीत आयपीएसचा काळा राखाडी दिसतो. व्हीएमध्ये काळा गडद, पण बाजूला बसलेल्याला रंग उतरलेले दिसतात. क्यूएलईडी या नावाने भुलू नका. त्यात रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा थर असतो, एवढंच. खालचं पॅनेल आयपीएस आहे की व्हीए आणि मागचा उजेड कसा आहे, हा प्रश्न उरतोच.

मागचा उजेड पडद्याच्या कडेने दिलेला असेल तर तो सेट सिनेमासाठी घेऊ नये. पडद्याच्या पूर्ण पाठीमागे एलईडी असून ते विभागाविभागाने कमी-जास्त होत असतील तर त्याला फुल ॲरे लोकल डिमिंग म्हणतात. हेच एलईडी अगदी बारीक आणि शेकड्यांनी असले की मिनी एलईडी. डिमिंगचे विभाग किती आहेत हे विचारा. आकडा सांगता येत नसेल आणि माहितीपत्रकातही नसेल, तर तो बहुधा सांगण्यासारखा नसतो.

ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा शंभर टक्के काळा. बाजूने बघितलं तरी रंग तेच. खिडक्यांना पडदे असलेल्या, रात्री सिनेमा बघणाऱ्या घरात याच्या जवळपास जाणारं काही नाही. पण आपल्या भागात ओएलईडी घेण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, घरात बातम्यांचं चॅनेल दिवसभर चालू असतं का? मराठी वृत्तवाहिन्यांच्या खालच्या लाल-पिवळ्या पट्ट्या आणि कोपऱ्यातला लोगो रोज आठ-आठ तास एकाच जागी राहिला तर काही वर्षांत त्याचा डाग पडद्यावर कायमचा बसू शकतो. आजोबा बातम्यांचे भोक्ते असतील तर ओएलईडी नको. दुसरी, काचेच्या कौलाचं ऊन. चकचकीत ओएलईडी भर उजेडात हिरमुसतो. तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. ओएलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये राहून स्वतःचे ठिपके तपासतो आणि सारखे करून घेतो. आपल्याकडे झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते. रोज तसं केलं तर त्याला हे काम करताच येत नाही, आणि डाग पडायची शक्यता वाढते. घरातल्या मोठ्यांना ही सवय सोडायला सांगणं जमणार असेल तरच घ्या.

या तिन्हीपैकी एकही अडचण असेल तर चांगला मिनी एलईडी, व्हीए पॅनेलचा, हेच माझं उत्तर. सीमाभागातल्या बहुतेक घरांना हाच शोभतो.

गेमसाठी: आधी कन्सोल बघा, मग हर्ट्झ

घरात प्लेस्टेशन ४ असेल तर तो ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांच्या, पुढे जात नाही. १२० हर्ट्झसाठी पैसे मोजून आज काही मिळणार नाही. प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा चांगल्या ग्राफिक कार्डचा कॉम्प्युटर असेल, किंवा दोन वर्षांत येणार असेल, तर चार गोष्टी लागतात: खरं १२० हर्ट्झचं पॅनेल, एचडीएमआय २.१ चा पोर्ट, व्हीआरआर आणि एएलएलएम.

‘खरं’ हा शब्द इथे महत्त्वाचा. खोक्यावर ‘मोशन रेट १२०’ किंवा ‘मोशन २४०’ असं काही लिहिलेलं असेल तर तो जाहिरातीचा आकडा आहे, पॅनेल ६० हर्ट्झचंच असू शकतं. याच्याही पुढची करामत म्हणजे ‘१२० हर्ट्झ डीएलजी’. यात पॅनेल ६० हर्ट्झचंच असतं आणि १२० वर जाताना आडव्या ओळी निम्म्या होतात, म्हणजे फोरकेचा पूर्ण बारकावा राहतच नाही. माहितीपत्रकात ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट’ हाच शब्द शोधा. १२० हर्ट्झचा फायदा सिनेमालाही होतो: सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, १२० ला २४ ने नेमका भाग जातो, ६० ला जात नाही, म्हणून ६० हर्ट्झच्या सेटवर कॅमेरा हळू फिरताना चित्र अडखळतं.

व्हीआरआर म्हणजे गेम ज्या वेगाने चित्र देईल त्याच वेगाने पडद्याने ते दाखवणं, त्यामुळे चित्र मधोमध फाटत नाही. एएलएलएम असला की गेम सुरू होताच टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जातो. गेम मोड का, तर बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ. चांगल्या सेटवर गेम मोडमध्ये तो ६० हर्ट्झला दहा ते पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास असतो. तोच सेट सिनेमा मोडमध्ये ठेवला तर कितीतरी पट वाढतो. क्रिकेटच्या गेममध्ये वेळेवर बॅट फिरवूनही दांडी उडते ती बऱ्याचदा याचमुळे.

पोर्ट मोजताना फसू नका. चार एचडीएमआय असले तरी अनेक सेटमध्ये २.१ चे दोनच असतात, आणि त्यातला एक साउंडबारसाठी लागणारा ईएआरसीचा असतो. म्हणजे साउंडबार लावला की पूर्ण वेगाचा एकच पोर्ट उरला. कन्सोल आणि कॉम्प्युटर दोन्ही असलेल्याने हे विकत घेण्याआधी मोजावं. एलजीच्या सी मालिकेच्या ओएलईडीत चारही पोर्ट २.१ चे मिळतात, हा तिचा मोठा गुण आहे.

केबल कन्सोलच्या खोक्यात आलेलीच वापरा. वेगळी घ्यायची झाली तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं लेबल आणि त्यावर स्कॅन करायचा कोड असलेली घ्या, ४८ गिगाबिटची. आणि तीन मीटरच्या आत ठेवा. भिंतीतून केबल न्यायची असेल तर गिलावा करतानाच रुंद पाइप टाकून घ्या, नंतर केबल बदलता येते.

एचडीआर, जुने सिनेमे आणि साधे चॅनेल

एचडीआरच्या, म्हणजे उजळ आणि गडद यांतला जास्त फरक दाखवणाऱ्या चित्राच्या, नावाने प्रत्येक खोक्यावर शिक्का असतो. पण टीव्ही सिग्नल स्वीकारतो आणि तो दाखवू शकतो यात फरक आहे. एचडीआर सिनेमे बहुतेक १००० निट्सच्या झळाळीपर्यंत तयार केलेले असतात. ३०० निट्सच्या स्वस्त सेटवर एचडीआर लावला की चित्र उलट मंद दिसतं. सहा-सातशे निट्सच्या वर जात असेल तरच त्याला एचडीआर म्हणावं, असं माझं मत. एचडीआरचाच डॉल्बी व्हिजन हा प्रकार हवा असेल तर सॅमसंगने तो आजवर दिलेला नाही, त्यांचा भर एचडीआर१०+ वर आहे. सोनी आणि एलजीच्या वरच्या सेटमध्ये डॉल्बी व्हिजन मिळतं. ओटीटीवर डॉल्बी व्हिजनचा मजकूर भरपूर आहे, पण केवळ यासाठी एखादा चांगला सेट नाकारू नये.

आपल्या घरांत मात्र दिवसातला अर्धा वेळ डिशवरचे साधे एसडी चॅनेल चालतात. एसडी चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, फोरके पडदा ३८४० बाय २१६० चा. म्हणजे जवळपास वीसपट ठिपके टीव्हीला स्वतःच्या अंदाजाने भरायचे असतात. हे काम प्रोसेसर करतो आणि स्वस्त सेटचा प्रोसेसर ते वाईट करतो: चेहरे मेणाचे दिसतात, पडद्यावरच्या पाट्यांच्या कडा थरथरतात. म्हणून दुकानात फोरकेचा व्हिडिओ बघून झाला की डिशचा बॉक्स लावायला सांगा आणि एखादी मराठी मालिका एसडीमध्ये बघा. दोन सेटमधला खरा फरक तिथे कळतो. शिवाय डिशवर किंवा केबलवर कर्नाटकाचा पॅक चालू असेल तर तुमच्या आवडीचे मराठी चॅनेल एचडीत वेगळे निवडून घ्या; ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१९ पासूनच्या नियमांमुळे चॅनेल सुटे घेता येतात. ६५ इंचीवर त्या थोड्या रुपयांचं चीज होतं.

जुने मराठी सिनेमे चौकोनी आकाराचे असतात, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. त्या ताणून भरू नका. माणसं बुटकी आणि जाडी दिसतात आणि कॅमेरामनने केलेली चौकट मोडते.

दुकानात: पेनड्राइव्ह न्यायचाच

गणपत गल्ली, खडेबाजार, कॉलेज रोड, कुठल्याही दुकानात जा, पण दुपारी आणि कामाच्या दिवशी जा. दसरा-दिवाळीच्या गर्दीत कुणी तुम्हाला अर्धा तास देणार नाही.

पेनड्राइव्हवर पाच गोष्टी घेऊन जा: एक अंधारी दृश्यांचा व्हिडिओ, एक क्रिकेटच्या सामन्याचा, एक काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शीर्षकं येणारा, एक पूर्ण करड्या रंगाची प्रतिमा, आणि एक पूर्ण काळी. दुकानदाराला आदराने सांगा, “अण्णा, जरा सिनेमा मोडला टाका की, मगच बघतो.” डेमोमध्ये सगळे सेट ‘व्हिव्हिड’ वर असतात, तो मोड उजेड आणि निळसर झाक वाढवतो. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावला की चित्र पिवळसर वाटेल. दोन मिनिटं डोळे स्थिरावू द्या, मग तेच बरोबर वाटायला लागतं.

करडी प्रतिमा पडद्यावर टाकून चार पावलं मागे उभे राहा. उभ्या गडद पट्ट्या किंवा कोपऱ्यांत मळकट ढग दिसले तर क्रिकेट बघताना तेच हिरव्या मैदानावर फिरताना दिसतील. या दोषाला ‘डर्टी स्क्रीन’ म्हणतात आणि तो एकाच मॉडेलच्या दोन नगांतही कमी-जास्त असतो. काळ्यावरची पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती धुक्याचं वलय येतं का बघा. लोकल डिमिंग कमी विभागांचं असेल तर वलय मोठं. मग बाजूला सरकत जा आणि तुमच्या घरात सर्वांत कडेला जो बसतो त्याच्या जागेइतक्या कोनातून चेहऱ्यांचे रंग बघा. शेवटी रिमोट हातात घ्या, यूट्यूब उघडा, दोन ॲप बदला. नव्या सेटवरच मेनू अडखळत असेल तर तीन वर्षांनी काय होईल याचा विचार करा. तरी हे एकच दुखणं असेल तर सेट सोडू नका. पुढे चार-पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लावून भागतं. पॅनेल मात्र बदलता येत नाही.

आवाजावर फार वेळ घालवू नका. पातळ टीव्हीचा आवाज सिनेमाला पुरत नाही, साउंडबारचे पैसे सुरुवातीलाच बाजूला ठेवा.

वीज आणि पाऊस

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या भागात टीव्ही बंद पडण्याची कारणं बहुतेक इथेच असतात.

एप्रिल-मेचा वळीव येतो तो कडकडाटासह. वीज घरावरच पडायला हवी असं नाही. जवळपास पडली तरी विजेच्या तारेतून, डिशच्या केबलमधून आणि इंटरनेटच्या लॅन केबलमधून झटका आत येतो. आभाळ गडगडायला लागलं की टीव्हीचा प्लग काढा, डिशची वायर बॉक्सच्या मागून सोडवा आणि लॅनची पिनही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. फायबरची काच स्वतः झटका आणत नाही, पण राउटरचा अडॅप्टर आणि त्यातून टीव्हीला गेलेली लॅन केबल आणू शकते. म्हणून शक्यतो टीव्ही वायफायवरच ठेवा; फोरकेसाठी नेटफ्लिक्सला साधारण १५ एमबीपीएस पुरतात.

दुसरं संकट न्यूट्रल तुटण्याचं. वादळात फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी घरात ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो आणि तो मिनिटांनुमिनिटं राहतो. दोनशे रुपयांचा स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका अडवतो, हा टिकून राहिलेला दाब अडवू शकत नाही. त्यासाठी मेन बोर्डात ‘ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर’ बसवून घ्या. दाब मर्यादेबाहेर गेला की तो घराची वीज तोडतो आणि स्थिरावल्यावर जोडतो. एक-दोन हजारांत साऱ्या घराची सोय होते. मोठ्या टीव्हीच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही, आणि माझ्या मते तो टीव्ही यायच्या आधीच करावा.

चिकोडी, हुक्केरी, निपाणी पट्ट्यात मळ्यातल्या वस्तीला दिवसा पंप चालू असताना व्होल्टेज खाली येतं आणि रात्री पंप बंद झाले की वर चढतं. आजचे बहुतेक सेट १०० ते २४० व्होल्टवर चालतात, तेव्हा कमी दाबाची भीती कमी. जास्तीच्या दाबाची आहे. मागच्या पट्टीवर १०० ते २४० लिहिलंय की २२० ते २४०, हे वाचा. दुसरा आकडा असेल तर हाय-लो कट-ऑफ असलेला टीव्हीचा स्टॅबिलायझर लावा.

अर्थिंग तपासून घ्या. वायरमनला मल्टिमीटरने सॉकेटमधल्या न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डही निकामी, आणि एचडीएमआय केबल लावताना बोटाला मुंग्या येतात त्या वेगळ्याच. त्याच मुंग्या एखाद्या दिवशी कन्सोलचा पोर्ट जाळतात. इन्व्हर्टरवर टीव्ही चालवायचा असेल तर तो साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवर पॉवर सप्लाय गरम होतो.

खानापूर, कणकुंबी, लोंढा भागात जून ते सप्टेंबर दमट हवा घरात मुरते. पावसाळ्यात टीव्ही रोज थोडा वेळ चालू ठेवा, आतल्या उष्णतेने बोर्ड कोरडे राहतात. भिंतीला ओल येत असेल तर त्या भिंतीला टांगू नका. आणि पाल. ऊब मिळते म्हणून ती मागच्या झरोक्यातून आत शिरते आणि पॉवर बोर्डावर दोन टोकांना एकदम स्पर्श झाला की बोर्ड जातो. कंपन्यांच्या वॉरंटीत कीटक-पालींचं नुकसान बहुधा वगळलेलं असतं. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा, मागे नियमित साफ करा. झरोके कापडाने बंद करू नका, त्याने सेट तापतो.

बिलाचंही बघा. ६५ इंची एलईडी चालताना साधारण १३० वॉट घेतो असं धरलं तर रोज पाच तासांचे महिन्याला वीसेक युनिट होतात. कर्नाटकाच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत तुमची हक्काची युनिट जुन्या सरासरीवर ठरलेली आहेत आणि कमाल २०० ची मर्यादा आहे. १८५ च्या आसपास असलेलं घर मोठ्या टीव्हीमुळे २०० ओलांडलं तर त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. खोक्यावरच्या बीईईच्या, म्हणजे वीजबचतीच्या ताऱ्यांच्या, लेबलावर वर्षाची युनिट छापलेली असतात, दोन सेटची तुलना त्यावरून करा. घरी ‘व्हिव्हिड’ मोडऐवजी सिनेमा मोड ठेवला तरी वापर बराच उतरतो.

सर्व्हिस, बिल, आणि कुठून घ्यायचा

सेट कितीही चांगला असो, मेकॅनिक यायला पंधरा दिवस लावत असेल तर तो आपल्यासाठी चांगला नाही. घेण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून आपला पिनकोड सांगा आणि विचारा: माणूस घरी येतो का, कुठल्या गावातून, आणि पॅनेलचं काम घरीच करतात की सेट न्यावा लागतो. निपाणीकरांना कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर आणि बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट, पण पिनकोड कर्नाटकाचा असल्याने माणूस कुठून पाठवतात ते विचारलेलं बरं. फोन कन्नडमध्ये लागला आणि तुम्हाला अवघड जात असेल तर सुरुवातीलाच मराठी किंवा हिंदीत बोलणारं माणूस मागा. तक्रारीचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा.

कोल्हापुरात किंवा गोव्यात स्वस्त पडेल म्हणून गाडी काढायची जुनी रीत आहे. जुलै २०१७ पासून जीएसटी सगळीकडे सारखाच, त्यामुळे कराचा फरक उरलेला नाही. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. बिलावर तोच दर आहे ना ते बघा. दुकानदाराची स्वतःची सूट असते, ती मात्र फोनवर विचारून ताडून बघा. हजार-दोन हजारांचा फरक असेल तर मी आपल्याच गावातल्या दुकानातून घ्यायला सांगेन. महिन्याभरात काही झालं तर त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. ऑनलाइनमध्ये किंमत खरंच खूप कमी असेल तरच घ्या, ओपन बॉक्स डिलिव्हरी, म्हणजे खोका तुमच्यासमोर उघडून देणारी, निवडा आणि खोका फोडल्यापासून सेट चालू होईपर्यंत मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा.

नवीन वर्षाची मॉडेलं जानेवारीत जाहीर होतात आणि उन्हाळ्यापर्यंत आपल्याकडे येतात. त्या सुमारास मागच्या वर्षाचा वरच्या दर्जाचा सेट उतरलेल्या भावात मिळतो. नव्या वर्षाच्या मधल्या दर्जाच्या सेटपेक्षा तो जवळपास नेहमीच सरस असतो.

पक्कं बिल घ्या आणि त्यावर सेटचा सीरियल नंबर लिहून घ्या. मागच्या बाजूला बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. ओळखीचं नाव नसलेल्या, अर्ध्या किमतीच्या जोडणीच्या सेटमध्ये हा क्रमांक नसतो किंवा भलत्याचाच निघतो. मोठ्या सेटवर एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी असं मला वाटतं, पण कंपनीची स्वतःची आणि पॅनेल धरून असलेलीच. पॅनेल गेलं तर त्याची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते, बाकीचे बोर्ड तुलनेने स्वस्तात होतात.

दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार देता येते. म्हणजे सेट कोल्हापूरहून आणलेला असो की ऑनलाइन मागवलेला, दावा बेळगावातच चालतो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही.

सेट घरी आला की

पहिल्या दिवशी चित्राचा मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ वर न्या. मोशन स्मूदिंग बंद करा. ते चालू असलं की सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत सरकतो. क्रिकेटसाठी थोडं ठेवलं तर चालेल. शार्पनेस खूप खाली आणा. कन्सोल ज्या पोर्टला जोडलाय त्याचा पूर्ण वेग बहुधा बंद अवस्थेत येतो: सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’, एलजीत ‘डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’ या नावाने तो सापडेल. चालू केल्यावर प्लेस्टेशन ५ च्या व्हिडिओ आउटपुटच्या माहितीत १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर दिसतंय ना ते बघा. त्यानंतर कन्सोलचं एचडीआर कॅलिब्रेशन करा.

पहिल्या आठवड्यात रोज चार-पाच तास सेट चालवा, करडी आणि काळी प्रतिमा पुन्हा लावून बघा, सगळे पोर्ट एकदा तरी वापरा. सदोष नग बदलून देण्याची मुदत दुकानात आणि ऑनलाइन बहुधा सात ते दहा दिवसांचीच असते. त्यानंतर बदली नाही, दुरुस्ती मिळते.